सेरेंगेटीच्या वाटेवर नाशिक

आफ्रिकेला जायचं ते जुलैतच, हे आमच्या धंद्यानं ठरवलं. मालवणात ज्यांच्या घरी पर्यटक राहायला येतात, त्यांना दिवाळीपासून मे अखेरीपर्यंत घर सोडून हलता येत नाही. मे संपत आला की समुद्रातल्या प्रवासी होड्या वर ओढल्या जातात, सिंधुदुर्ग किल्ल्याची ये-जा थांबते, १ जूनपासून मासेमारीही बंद. मग आम्ही मोकळे. आणि योगायोग असा, की जुलै ते ऑक्टोबर याच काळात सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडत असतात. आमचा बंद हंगाम तोच त्यांचा ऐन हंगाम.

आम्ही चौघं. मी, बायको, मेहुणे आणि त्यांची बायको. घरातल्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि पहिल्याच संध्याकाळी दोन पक्ष पडले. मेहुण्यांना केनिया हवं होतं, कारण त्यांच्या डोक्यात लहानपणापासून त्सावोचे सिंह होते. मला टांझानिया, कारण सेरेंगेटी, न्गोरोंगोरो आणि झांझिबार एका फेरीत होतं. बायका म्हणाल्या, आधी खर्च सांगा. तो अजूनही नीट सांगता आलेला नाही.

शेजारच्या काकांना, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या रापणकारांपैकी एकाला, बेत सांगितला तर त्यांनी सिंहांबद्दल अवाक्षर काढलं नाही. "जुलयत? वारो उलटो नाय?" एवढंच विचारलं.

मी हसलो. विमानाला कसला वारा, मुंबईहून नैरोबी जेमतेम सहा तास. पण प्रश्न डोक्यातून जाईना. या सगळ्या लिखाणाची सुरुवात त्या प्रश्नात आहे.

काकांचं बरोबरच होतं. हजारभर वर्षांपेक्षा जास्त काळ आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेला जाण्याची वेळ ठरलेली होती. पाऊस सरून ईशान्येचा वारा धरला, की डिसेंबर ते मार्चमध्ये गलबतं तिकडे जायची आणि एप्रिलनंतर नैऋत्येचा वारा सुरू झाला की परत यायची. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर या दोन्ही वाऱ्यांना नावं आहेत, एक कास्काझी आणि दुसरा कुसी. जून-जुलैत तर कोणी शहाणा माणूस पडाव पाण्यात घालत नसे. हे न कळलेल्या माणसाचं काय होतं याचं उदाहरण वास्को द गामा. १४९८च्या एप्रिलमध्ये तो मालिंदीहून वाटाड्या घेऊन निघाला आणि २३ दिवसांत मलबारच्या किनाऱ्याला लागला. परत जाताना घाई केली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला, तेव्हा वारा अजून फिरला नव्हता. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले आणि स्कर्व्हीनं माणसं पटापट मेली.

वाऱ्याबरोबर माल गेला, तसे शब्दही. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात, वाहनाला 'गारी', पैशाला 'पेसा', आंब्याला 'एम्बे', विम्याला 'बिमा', आणि लाखाला 'लाकी'. 'सफारी' हा शब्द आपल्या 'सफर'चाच अरबी भाऊबंद. (सिंहाला 'सिम्बा' म्हणतात म्हणून मेहुणे फार खूश झाले होते, पण तो शब्द बांटू भाषांमधला जुना शब्द आहे, आपल्या सिंहाशी त्याचं नातं नुसतं कानाचं.) काजू तर दोन्ही किनाऱ्यांवर पोर्तुगिजांनीच ब्राझीलहून आणला. आज दक्षिण टांझानियातला काजू ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये पिकतो, आमचा फेब्रुवारी ते मे. त्यामुळे आपल्याकडच्या काजू कारखान्यांत आफ्रिकेतली कच्ची बी येते, आणि ती आली की आमचे बागायतदार भाव पडला म्हणून ओरडतात. २०१८ साली टांझानियाच्या राष्ट्राध्यक्षांनी काजूच्या भावावरून थेट सैन्य उतरवून बी खरेदी करायला लावली होती, हे ऐकल्यावर मेहुण्यांना त्या देशाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. त्यांची दीड एकर काजू आहे.

त्सावोचं थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे इंग्रजांनी १८९६ ते १९०१ मध्ये रेल्वे टाकली. त्यासाठी हिंदुस्थानातून ३१,९८३ मजूर करारानं नेले, बहुतेक पंजाबातले. त्यांतले २,४९३ तिथेच मेले. १८९८ मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाच्या कामावर दोन आयाळ नसलेल्या सिंहांनी नऊ महिने धुमाकूळ घातला. पुलावरचा अधिकारी पॅटर्सन यानं डिसेंबरमध्ये दोन्ही मारले, पुढे त्यावर पुस्तक लिहिलं, आणि १९२४ मध्ये कातडी शिकागोच्या फील्ड म्युझियमला ५,००० डॉलरना विकली. ते सिंह तिथे पेंढा भरून अजून उभे आहेत. पॅटर्सननं बळी पडलेल्या हिंदी मजुरांचा आकडा २८ दिला आहे. आफ्रिकन माणसंही बरीच गेली असं तो म्हणतो, पण त्यांची नोंद ठेवली गेली नव्हती. हे वाक्य मी मेहुण्यांना दाखवलं. सिंहांची कातडी मोजली गेली, मजूर मोजले गेले, ज्यांचा देश होता ती माणसं मोजायची राहिली.

याच रेल्वेच्या मागून आमच्या शेजारचे गोंयकार तिकडे गेले. कारकून, शिंपी, आचारी, डॉक्टर. त्यांतले डॉ. रोझेंदो रिबेरो १९०० साली नैरोबीत पोचले. तंबूत दवाखाना थाटला आणि रुग्णांना बघायला माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून जात. १९०२ मध्ये नैरोबीतल्या बाजारात प्लेग आहे हे त्यांनीच ओळखलं. झेब्र्यावरचा त्यांचा फोटो आहे. टोपी, दाढी, पट्ट्यापट्ट्याचं वाहन. तो बघून आमच्याकडचं मत केनियाकडे झुकलं होतं.

पण मी वाऱ्याच्या मागे लागलो होतो. आपले लोक तिकडे गेले हे कळलं. तिकडून इकडे कोण आलं?

मालवणच्या माणसानं हा प्रश्न विचारणं जरा हास्यास्पद आहे, कारण उत्तर रोज समोर दिसतं. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, ते समुद्रावर पोर्तुगीज, इंग्रज, डच यांच्याबरोबर जंजिऱ्याच्या सिद्दीला तोंड देता यावं म्हणून. सिद्दी म्हणजे हबशी, आफ्रिकेतून आलेले. शाळेत आम्ही त्यांना फक्त शत्रू म्हणून शिकलो. खडकी वसवणारा, निजामशाहीचा कारभार हाती घेणारा आणि मोगलांना वर्षानुवर्षं दमवणारा मलिक अंबर हा इथिओपियात जन्मला होता आणि लहानपणी विकला गेला होता, हेही शाळेत एका ओळीत होतं. 'विकला गेला' या शब्दांवर वर्गात कोणी थांबलं नाही. मी तर नाहीच. पोर्तुगिजांच्या गोव्यात मोझांबिकहून आणलेले गुलाम होते; त्यांतले पळालेले घाट चढून जंगलात शिरले, आणि त्यांचे वंशज आज यल्लापूर-हल्याळच्या बाजूला कन्नड-कोकणी बोलत शेती करतात. पण हे सगळं 'फार पूर्वीचं' या खात्यात जमा होतं. मला सापडलं ते बरंच अलीकडचं होतं, आणि तेही नाशकात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पूर्व आफ्रिकेतून अरबस्तान आणि आखाताकडे गुलामांची वाहतूक जोरात चालू होती. इंग्रजांचं आरमार अशी गलबतं पकडायचं. पकडलेल्या गलबतांतली माणसं मुक्त म्हणून जाहीर व्हायची. पण त्यांना परत नेऊन सोडणार कुठे? कित्येकांना मुंबईला उतरवलं जाई. त्यात मुलं पुष्कळ. काही मुंबईतल्या घरांत, गोदीत कामाला लागली, काही मिशनऱ्यांकडे गेली. चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिकजवळ शरणपूर नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली होती, विल्यम साल्टर प्राइस हा तिथला मिशनरी. तिथे या मुलांसाठी आश्रम होता. लिहायला-वाचायला शिकवायचे, सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे. आजही नाशकात शरणपूर रोड आहे. मी त्या रस्त्यावर नातेवाइकांकडे कित्येकदा उतरलो आहे आणि 'शरण' कोण आलं होतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

१८६४ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन झांझिबारहून 'लेडी न्यासा' नावाची छोटी आगबोट स्वतः हाकत मुंबईला आला. एप्रिलच्या शेवटी निघाला आणि १३ जूनला पोचला, म्हणजे पाऊस कोसळण्याच्या तोंडावर. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वाचलो." त्याच्याबरोबर चुमा आणि विकाटानी ही दोन मुलं होती, गुलामांच्या ताफ्यातून सोडवलेली. त्यांना त्यानं मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. हेच ते विल्सन कॉलेजवाले विल्सन. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला तेव्हा शरणपूरच्या मुलांतले नऊ जण त्यानं आपल्या मोहिमेसाठी घेतले. १८६६च्या जानेवारीत ही मंडळी मुंबईहून झांझिबारला निघाली.

त्या मोहिमेची सामानाची यादी वाचताना मला आमची यादी आठवली. आमच्यात दुर्बीण, मच्छर पळवणारं मलम, मेहुण्यांचं इसबगोल. त्यांच्यात १३ हिंदी शिपाई, सहा उंट, तीन म्हशी आणि एक रेडकू, दोन खेचरं, चार गाढवं. आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीपुढे हिंदुस्थानातली जनावरं टिकतात का, हे लिव्हिंगस्टनला बघायचं होतं. जनावरं भराभर मेली. शिपायांनी त्यांचे हाल केले, असं त्याचं म्हणणं. शिपायांचं म्हणणं कोणी लिहून ठेवलं नाही. काही महिन्यांत शिपाई परत फिरले. नाशिकची मुलं पुढे चालत राहिली.

त्यांच्यात एब्राहम नावाचा एक होता. आतल्या मुलखात चालताना त्याला त्याचा मामा की काका, कोणीतरी सख्ख्या नात्यातला माणूस भेटला. लहानपणी ज्या मुलखातून त्याला पळवलं होतं, त्याच मुलखातून तो आता इंग्रजाबरोबर, अंगात सदरा घालून चालला होता. नातेवाइकानं सांगितलं की तू गेल्यावर तुझी आई आणि दोन बहिणीही विकल्या गेल्या. आणि म्हणाला, आता इथेच राहा. एब्राहम राहिला नाही. आईच नाही तिथे राहून काय करू, असं त्याचं उत्तर होतं.

हे मी एका रात्री वाचलं आणि बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, तो कोणत्या भाषेत बोलला असेल? मला माहीत नव्हतं. पण नाशकात वाढलेल्या मुलाच्या कानावर मराठी पडली नसेल असं मला वाटत नाही. गोदावरीच्या काठच्या बाजारात त्यानं भाजी घेतली असेल, शिव्या ऐकल्या असतील, एखादी शिकलाही असेल.

शरणपूरचाच दुसरा एक, जेकब वेनराइट, १८७२ मध्ये लिव्हिंगस्टनपर्यंत पोचला. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन मेला. त्याच्या माणसांनी, चुमा, सुसी, वेनराइट आणि इतरांनी, त्याचं काळीज एका झाडाखाली पुरलं. दफनाची प्रार्थना वाचली वेनराइटनं आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानंच. शव उन्हात वाळवलं, सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळलं, आणि गावोगावचे लोक प्रेत म्हणून अडवतील म्हणून कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून हजार मैलांच्या वर वाहून नेलं. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये ते समुद्रावर पोचले. त्या बंदराचं नाव बागामोयो. तिथून वेनराइट शवाबरोबर लंडनला गेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावून चालणाऱ्यांत तो होता. चुमा आणि सुसी अंत्यविधीनंतर पोचले. वेनराइट पुढे परत आफ्रिकेत गेला आणि १८९२ मध्ये आजच्या टांझानियात उरांबो इथे दारिद्र्यात मेला.

सगळे मोहिमांवर गेले नाहीत. १८७३ मध्ये मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर झांझिबारला जाऊन धडकला आणि त्याच वर्षी सुलतान बर्घश याला गुलामांचा बाजार बंद करावा लागला. (हा बर्घश तरुणपणी भावाविरुद्ध बंड केलं म्हणून मुंबईत हद्दपारीत राहिलेला होता. सगळे रस्ते मुंबईवरून.) मग प्राइसलाच मोंबासाला पाठवलं, तिथे मुक्त गुलामांसाठी वसाहत झाली. तिचं नाव फ्रियर टाउन. शरणपूरची दीडशेच्या आसपास माणसं तिकडे गेली. मास्तर, सुतार, लोहार, त्यांच्या बायका. किनाऱ्यावर त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. आपल्याच मातीत परत येऊन ते मुंबईचे ठरले.

या गोष्टीत आपण फक्त आसरा देणारे नव्हतो, तेही लिहायला हवं. झांझिबारची जकात कित्येक वर्षं कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढीकडे मक्त्यानं होती, आत जाणाऱ्या तांड्यांना भांडवल त्यांच्याकडून मिळे. १८६०च्या सुमारास रिग्बी नावाच्या इंग्रज वकिलानं तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या घरांतले आणि मळ्यांतले हजारो गुलाम मोकळे करवले. कास्काझी वाऱ्यावर जाणाऱ्या गलबतांत कापड आणि मणी होते, ते कशाच्या बदल्यात खपत होते हे नाखवाला ठाऊक नसेल असं मानणं कठीण आहे.

तर मी घरी सांगितलं, की झांझिबारच्या आधी एक दिवस बागामोयोला द्यायचा. दार-एस-सलामच्या उत्तरेला सुमारे ७० किलोमीटर. मेहुणे म्हणाले, तिथे प्राणी कोणते? कोणतेच नाहीत. एक जुनं कॅथलिक मिशन आहे, लिव्हिंगस्टनचं शव एक रात्र जिथे ठेवलं तो मनोरा आहे, आणि किनाऱ्यावर होड्या. "होड्या बघूक आफ्रिकेत?" मेहुणे म्हणाले. त्यावर बायकोनं विचारलं, की मग आपल्याकडे पुण्याहून लोक काय बघायला येतात?

ती बोलली त्यात दुसरंच एक खुपणारं होतं. १९८७ मध्ये सरकारनं मालवणच्या समुद्रातला २९.१२ चौरस किलोमीटरचा तुकडा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचं पाणी त्यात आलं. आमच्या शेजारच्या काकांनी तेव्हा ऐन उमेदीत होड्या घातल्या होत्या. आपल्याला कोणी विचारलं नाही, उद्या जाळी टाकू देणार नाहीत, या भीतीनं सगळा मच्छीमार विरोधात गेला आणि तो विरोध आजही पूर्ण शमलेला नाही. त्याच पाण्यातली प्रवाळं दाखवून आज स्कूबावाले कमावतात, आणि ते बघायला येणाऱ्यांना जेवू घालून मी कमावतो. दोडामार्गात २००२ पासून रानहत्ती उतरले आहेत, केळी-माडांची नासाडी करतात. तिथल्या शेतकऱ्याला हत्ती बघायला पैसे भरून जाणाऱ्या माणसाबद्दल काय वाटत असेल याची मला कल्पना आहे.

सेरेंगेटीची गोष्ट याच चालीवर जाते, फक्त आकार मोठा. १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा मासाई त्यात गुरं चारत होते. १९५९ मध्ये हद्दी नव्यानं आखून त्यांना बाहेर काढलं आणि न्गोरोंगोरोचा भाग वेगळा करून तिथे राहायची मुभा दिली. त्याच वर्षी जर्मनीच्या बर्नहार्ड ग्झिमेकचा सेरेंगेटीवरचा चित्रपट आला आणि जगाला ते माणसांवाचूनचं रान म्हणून माहीत झालं. पुढे न्गोरोंगोरोत शेती करायलाही बंदी आली. आणि २०२२ पासून तिथल्या मासाईंना दूर म्सोमेराला हलवणं चालू आहे. त्याच वर्षी जूनमध्ये लोलियोंडोत हद्दीचे दगड रोवताना पोलीस आणि मासाई यांच्यात चकमक झाली. कळप वाचले हे खरं. रान राखलं नसतं तर मी बघायला काय गेलो असतो, हेही खरं. माहितीपत्रकात मात्र मासाई लाल शुका पांघरून उंच उडी मारताना दिसतो, त्याची गुरं कुठे आहेत ते दिसत नाही.

काकांना मी हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेंका इचार, पयले खंय चरयत होते." मी म्हटलं, मला त्यांची भाषा येत नाही. "गुरां दाखव. हातान विचारूक येता."

आता बेत असा आहे. नैरोबीला उतरायचं, नामांगाच्या नाक्यावरून रस्त्यानं अरुशाला. सेरेंगेटीत तीन रात्री, उत्तरेला, नदीजवळ. न्गोरोंगोरोत एक दिवस, आणि वाटेत एखाद्या मासाई वस्तीत नाच न मागता नुसतं बसता येईल का, असं एजंटला विचारलं आहे. मग बागामोयो, मग झांझिबार. मेहुण्यांचं त्सावो गेलं, त्याबद्दल ते अजून घुश्शात आहेत. त्यांना मोंबासा आणि फ्रियर टाउनसाठी पुढच्या खेपेचं वचन दिलं आहे. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्यासाठी मुरगाव बंदरातल्या केंद्रावर जायचं आहे.

एजंटनं उत्तर पाठवलं, त्यात बागामोयोपुढे प्रश्नचिन्ह होतं. या ठिकाणी सहसा कोणी मुक्काम मागत नाही, नक्की का? मी लिहिलं, नक्की. मग जरा थांबून खाली आणखी एक ओळ घातली, की मनोऱ्यापाशी नेणारा वाटाड्या गावातलाच असावा.